सकाळी ४३ विरुद्ध १९, दुपारी गणपूर्तीच नाही: १७८७ चं पेनसिल्व्हेनियातलं कामकाज कसं वाचावं?

होऊ_घातलेली_वकील

नमस्कार मंडळी. मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि गणपूर्तीवर, म्हणजे सभागृह चालायला लागणाऱ्या किमान हजेरीवर, निबंध द्यायचा आहे. आमच्या बाईंनी बजावलंय की आपल्या घटनेचं कलम १८९ उतरवून काढलंत तर वही परत मिळेल. एखादं जुनं उदाहरण मुळातून वाचा म्हणाल्या. म्हणून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या जनरल असेंब्लीचं, म्हणजे तिथल्या विधानसभेचं, छापील इतिवृत्त उघडून बसलेय. सन १७८७, महिना सप्टेंबर. जुनी इंग्रजी कळते, पण त्यामागे काय चाललंय ते कळत नाही.

शुक्रवार, २८ सप्टेंबर. सकाळी ठराव येतो: संघराज्याच्या नव्या घटनेवर निर्णय घ्यायला राज्यात वेगळी परिषद बोलवावी. नावानिशी मतं पडतात. बाजूने ४३, विरुद्ध १९. सभागृह दुपारी चारपर्यंत तहकूब. चार वाजता बघतात तर गणपूर्ती नाही. शनिवारी सकाळीही नाही. आणि मग एकदम आहे! आदल्या दुपारी गायब असलेल्यांपैकी दोघं हजर, परिषदेच्या निवडणुकीची तारीख ठरते, अधिवेशन संपतं.

हे दोघं फुटले का? की रात्रीत समजूत पटली?

आणखी दोन शंका. रोजच्या कामकाजात विधेयक दुसऱ्यांदा वाचलं की 'लोकांच्या विचारार्थ छापावं' अशी ओळ सारखी येते आणि विधेयक नाहीसं होतं. ते जातं कुठे? आणि भाषणं कुठे आहेत? पानंच्या पानं उलटली, कुणाच्या तोंडचं एक वाक्य सापडत नाही.

तिरकस_कोन

फुटले असणार. खोके तेव्हाही असतील, फक्त शिलिंगांचे.

जुना_प्रतिवेदक

तिरकसराव, या गोष्टीत शिलिंग आहेत, पण ते घेणारे नाहीत, देऊ करणारे आहेत. थांबा जरा.

ताई, मी विधानभवनात प्रतिवेदक होतो. सभागृहात जे बोललं जातं ते लघुलिपीत उतरवणारा माणूस. आमच्या पाळ्या असायच्या. आपली पाळी संपली की वही घेऊन पळायचं, लिप्यंतर करायचं, आणि पानाच्या डोक्यावर 'असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही' हे असायचंच. निवृत्तीनंतर लोक देवळं बघत हिंडतात, मी परक्यांची इतिवृत्तं वाचतो. घरचे म्हणतात, नोकरी सुटली पण खोड काही सुटली नाही.

तुझी शेवटची शंका आधी घेतो. भाषणं नाहीत, कारण ते भाषणांचं दप्तरच नव्हे. ते कारकुनाचं पुस्तक. कोणता अर्ज आला, कोणत्या समितीकडे गेला, काय मांडलं, काय ठरलं, कुणी कुठे मत टाकलं. बस्स. चांगला तास-दोन तासांचा कडाक्याचा वाद झाला तरी त्यात 'काही चर्चेनंतर' एवढंच उरतं. शब्द उतरवून घेणं हा तिकडे सरकारी कामाचा भाग नव्हता, तो खासगी धंदा होता. १७८५ मध्ये याच असेंब्लीने बँक ऑफ नॉर्थ अमेरिकेची सनद रद्द केली; पुढच्या वर्षी ती परत द्यावी का यावर घमासान झालं. ते मॅथ्यू केरी नावाच्या आयरिश छापखानेवाल्याने उतरवून १७८६ मध्ये विकायला काढलं. आणि तुझ्या सप्टेंबर १७८७ साठी आहे टॉमस लॉइड. लघुलिपीत असेंब्लीचे वादविवाद घेऊन तो छापत असे. त्याचं पुस्तक इतिवृत्ताशेजारी उघडून ठेव. एकात सांगाडा, दुसऱ्यात बोलणं.

पण त्याआधी नियम. नियम हाताशी नसेल तर इतिवृत्तातली कुठलीच ओळ बोलत नाही.

पेनसिल्व्हेनियाची १७७६ ची घटना त्या काळातली सगळ्यात हट्टी घटना होती. एकच सभागृह, वरचं नाहीच. राज्यपाल नाही, बारा जणांचं एक कार्यकारी मंडळ आणि त्याचा अध्यक्ष. १७८७ साली तो म्हातारा बेंजामिन फ्रँकलिन. असेंब्लीची निवडणूक दर वर्षी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी. सात वर्षांत चारच वर्षं निवडून येता येणार. सभागृहाचे दरवाजे सभ्यपणे वागणाऱ्या सगळ्यांना उघडे. अधिवेशन चालू असताना इतिवृत्त दर आठवड्याला छापायचं. कोणत्याही दोन सदस्यांनी मागितलं की मतं नावानिशी नोंदवायची, आणि ज्याला वाटेल त्याने आपल्या मताची कारणंही इतिवृत्तात घालून घ्यायची.

हे 'दोन सदस्य' लक्षात ठेव. फुटकळ प्रश्नांवरही नावांच्या लांबलचक याद्या येतात त्या याच्यामुळे. संघराज्याच्या घटनेने पुढे हीच मागणी करायला हजर सदस्यांचा पाचवा हिस्सा लागेल असं ठरवलं. आणि दरवाजांचं म्हणशील तर संघराज्याची घटना लिहिणारी मंडळी १७८७ च्या उन्हाळ्यात याच स्टेट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या इंडिपेन्डन्स हॉलमध्ये, दारं बंद करून बसली होती. सिनेटने तर प्रेक्षकांना नेमाने आत घ्यायला १७९५ उजाडू दिलं. या पार्श्वभूमीवर पेनसिल्व्हेनियाचे शेतकरी-आमदार किती पुढे होते बघ.

आता गणपूर्ती. निवडून आलेल्या सगळ्या सदस्यांच्या दोन तृतीयांश! सभासद ६९, म्हणजे ४६ हजर असल्याशिवाय पान हलत नाही. आपल्याकडे एक दशांश, २८८ पैकी २९. हे ४६ म्हणजे अल्पमताच्या हातात दिलेली किल्ली. बहुमत हवं तेवढं असू दे, २४ जण उठून गेले की दुकान बंद.

आता तुझा शुक्रवार.

संघराज्याच्या नव्या घटनेवर फिलाडेल्फियात सह्या झाल्या १७ सप्टेंबरला. दुसऱ्याच दिवशी ती असेंब्लीत वाचली गेली. घाई कशाची? तर अधिवेशन २९ तारखेला, शनिवारी संपणार होतं आणि ९ ऑक्टोबरला नवी निवडणूक. नव्या सभागृहात वारं कुठे फिरेल याची खात्री नव्हती. घटनेच्या बाजूचे लोक शहरातले, व्यापारी वळणाचे. सभागृहाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत टॉमस मिफ्लिन, ठराव मांडणारा जॉर्ज क्लायमर, त्याला जोड टॉमस फिट्झसिमन्स. या तिघांचीही त्या नव्या घटनेवर सही होती, हे विसरू नकोस. समोर पश्चिमेकडच्या परगण्यांतले, रॉबर्ट व्हाइटहिल, विल्यम फिंडली आणि मंडळी. त्यांचं म्हणणं, काँग्रेसने, म्हणजे सगळ्या राज्यांच्या मिळून तेव्हाच्या केंद्रीय सभेने, अजून ही घटना राज्यांकडे पाठवलेली नाही, आमच्या मतदारांनी ती नीट पाहिलेलीही नाही, मग आजच कशाला? निदान विचार करायला दुपारपर्यंत तरी वेळ द्या.

दुपारपर्यंत वेळ मिळाला, पण हरल्यावर. परिषद बोलवायची हा मूळ ठराव ४३–१९ ने झाला, आणि निवडणूक कधी, कुठे, कशी हे चार वाजता ठरवू म्हणून सभागृह उठलं. चार वाजता अध्यक्ष खुर्चीत, आणि मोजदाद केली तर ४४. दोन कमी.

सार्जंटला (आपल्याकडे मार्शल म्हणतात तो) शोधायला धाडलं. बरेचसे सापडले मेजर बॉइड यांच्या घरी, तिथे ते उतरले होते. येणार का? नाही येणार. सभागृह दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तहकूब.

त्याच शुक्रवारी न्यूयॉर्कमध्ये काँग्रेसने घटना राज्यांकडे पाठवायचा ठराव केला होता. पेनसिल्व्हेनियाचा तिथला प्रतिनिधी विल्यम बिंगहॅम याने खास घोडेस्वार पिटाळला, आणि शनिवारी सकाळी ती प्रत फिलाडेल्फियात हजर. सुमारे दीडशे किलोमीटर, एका रात्रीत. 'काँग्रेसने पाठवली नाही' ही सबब गेली. सार्जंट आणि सहायक कारकून तो कागद घेऊन पुन्हा घरोघर. पुन्हा नकार.

मग जे झालं ते कारकुनाच्या पुस्तकापेक्षा लॉइडकडे आणि नंतर बाहेर पडलेल्या पत्रकात वाच. शहरातला जमाव त्यांच्या बिऱ्हाडावर गेला. दोघे हाती लागले: फ्रँकलिन परगण्याचे जेम्स मॅकॅलमाँट आणि डॉफिन परगण्याचे जेकब मायली. कपडे फाटले, रस्त्यातून ओढत स्टेट हाउसपर्यंत आणलं आणि सभागृहात ढकललं. ४४ अधिक २, झाले ४६.

तर ते फुटले नाहीत, ताई. ते आणले गेले.

आता मजा ऐक. मॅकॅलमाँट उठतो आणि अध्यक्षांना सांगतो, मला माझ्या मनाविरुद्ध, मी ओळखतही नाही अशा काही नागरिकांनी इथे आणलंय, मला जाऊ द्या. फिट्झसिमन्स सांगतो, सभागृहातल्या कुणी हात लावला असेल तर निषेधच करू. पण सोडा असं कुणी म्हणत नाही. नियम वाचून दाखवतात: हजेरीला नसलेल्या सदस्याला दंड, आणि त्याच्यावाचून गणपूर्ती अडली असेल तर तो पाच शिलिंग. मॅकॅलमाँट म्हणतो, ठीक आहे, हे घ्या तुमचे पाच शिलिंग आणि सोडा मला. गॅलरी हसते. पेनसिल्व्हेनियाच्या चलनात साडेसात शिलिंगांचा एक डॉलर, म्हणजे राज्याच्या घटनात्मक पेचाची किंमत डॉलरचा दोन तृतीयांश! अध्यक्षांचं उत्तर तर अस्सल खुर्चीतलं: दंड घेणारा गृहस्थ आत्ता जागेवर नाही, आणि असता तरी तुम्हाला दंड कसा लागेल? तुम्ही तर हजर आहात!

असली वाक्यं मी माझ्या नोकरीत ऐकली असती तर लिहिताना पेन्सिल थरथरली असती.

दाराकडे निघाला तर दाराशी उभे असलेले लोक ओरडले, अडवा त्याला. जायची परवानगी नाकारली. ह्यू हेन्री ब्रॅकनरिज, हा स्वतः पश्चिमेकडचाच पण घटनेच्या बाजूचा, वकील आणि लेखक माणूस, त्याने युक्तिवाद केला की सदस्य इथवर कसा आला हे सभागृहाने बघायचं कारण नाही. तो आत आहे, एवढं पुरे.

मला हा युक्तिवाद कधी पचला नाही. चलाख आहे, तोंडावर उत्तर सुचत नाही, पण सडका आहे. सभागृहाने आपल्या सदस्याला बोलावणं वेगळं. त्यासाठी सार्जंट आहे, त्याच्या हाती अध्यक्षांचा हुकूम असतो आणि त्याचं नाव इतिवृत्तात येतं. जमावाला कुणाचा हुकूम होता? आणि ज्या कलमाने दरवाजे लोकांना उघडे ठेवले त्याच दारात लोक उभे राहून सदस्याला बाहेर जाऊ देत नाहीत. 'सभ्यपणे वागणाऱ्यांना' ही अट त्या सकाळी कुणी वाचून दाखवली नाही.

उरलेलं काम मग चटचट उरकलं: निवडणूक नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, परिषद २० नोव्हेंबरला फिलाडेल्फियातच. १२ डिसेंबरला परिषदेने ४६ विरुद्ध २३ ने घटना मान्य केली. परिषदेचे सदस्यही ६९, आणि बाजूची मतंही ४६. हा नुसता योगायोग आहे, निबंधात त्यावर परिच्छेद पाडू नकोस.

'लोकांच्या विचारार्थ छापावं' याचं उद्या लिहितो. डोळे दुखायला लागले.

तिरकस_कोन

शब्द मागे घेतो काका. पण मग रिसॉर्टचं राजकारण फिलाडेल्फियात सुरू झालं म्हणायचं की. मेजर बॉइड यांचं रिसॉर्ट.

जुना_प्रतिवेदक

उलटं आहे हो. आपल्याकडे आमदार लपवतात ते आकडा राखायला, ऐन वेळी मोजून दाखवायला. ते एकोणीस लपले आकडा मोडायला. आणि पदरच्या पैशांनी.

ऑस्टिनकर_कुलकर्णी

वाचतोय, छान धागा. टेक्सासात राहत असल्यामुळे हात शिवशिवले म्हणून लिहितो. ही दोन तृतीयांशाची अट इथे आजही आहे. प्रतिनिधीगृह १५० चं, गणपूर्ती १००. जुलै २०२१ मध्ये निवडणूक कायद्याचं विधेयक अडवायला डेमोक्रॅट सदस्य विमानाने थेट वॉशिंग्टनला गेले, कारण राज्याबाहेर सार्जंटचा हात पोचत नाही. काही आठवड्यांनी पुरेसे परतले आणि विधेयक झालंच. त्याआधी २००३ मध्ये असेच शेजारच्या ओक्लाहोमात जाऊन बसले होते. आमच्या ऑफिसात तेव्हा दोन तट होते, एक म्हणे पळपुटे, दुसरा म्हणे हाच तर नियम आहे.

आणि लिंकनचं घ्या. डिसेंबर १८४०, इलिनॉयची राजधानी स्प्रिंगफील्ड. नवं विधिमंडळ भवन पुरं झालेलं नाही म्हणून सभागृह चर्चमध्ये भरलेलं. त्याच्या व्हिग पक्षाला अधिवेशन संपू द्यायचं नव्हतं, कारण संपलं की स्टेट बँकेवर गंडांतर. गणपूर्ती मोडायची म्हणून बाहेर राहायचं ठरलं, हा आणि दोनेक साथीदार मात्र नजर ठेवायला आत बसले. गणपूर्ती भरतेय असं दिसल्यावर दार बंद, म्हणून खिडकीतून उडी. पण तोवर त्याची हजेरी लागून गेली होती! उडी फुकट. लांब पायांवरून लोकांनी त्याची पुष्कळ थट्टा केली म्हणतात.

होऊ_घातलेली_वकील

काका, रात्री लॉइड उघडला. पाच शिलिंगांचं वाचून वसतिगृहात मोठ्याने हसले, शेजारणीने भिंत ठोकली.

पण एक विचारते, रागावू नका. त्या एकोणीस जणांची बाजू तुम्ही जरा जास्तच घेताय असं नाही वाटत? ४३ जणांना निवडून दिलेल्या लोकांचं काय? हरल्यावर सभागृह बंद पाडायचं हे बरोबर कसं?

आणि ते छापायचं राहिलं.

जुना_प्रतिवेदक

रागावतो कशाला. बरोबर विचारलंस.

मला त्यांचं बाहेर राहणं डाव म्हणून रास्त वाटतं, धोरण म्हणून नाही. घटनेने त्यांच्या हातात किल्ली दिली होती, त्यांनी फिरवली. त्यांना परिषद कायमची रोखायची ताकद नव्हतीच. दहा दिवसांवर निवडणूक होती. मागत होते ते एवढंच की मतदाराला आधी कळू दे. आणि ही मागणी त्यांनी हवेतून आणलेली नव्हती. इथेच तुझा छापण्याचा प्रश्न येतो.

१७७६ च्या घटनेचं पंधरावं कलम बघ. सार्वजनिक स्वरूपाचं प्रत्येक विधेयक शेवटच्या वाचनाआधी लोकांच्या विचारासाठी छापायचं, आणि एकदम निकड उद्भवली असेल तेवढी सोडून, पुढच्या अधिवेशनापर्यंत त्याचा कायदा करायचा नाही. वरचं सभागृह नाही ना? मग दुसरं सभागृह म्हणजे जनता, असा तो हिशेब. तुझी विधेयकं नाहीशी होतात ती छापखान्यात जातात, तिथून वर्तमानपत्रांत, खानावळींत, चर्चच्या अंगणात. तुला ती पुढच्या अधिवेशनाच्या पानांत परत भेटतील. म्हणून एका अधिवेशनाचं इतिवृत्त वाचून थांबायचं नाही, सलग दोन वाचायची. पहिल्यात विधेयक, दुसऱ्यात त्यावर आलेले अर्ज. 'अर्ज वाचला, पटलावर ठेवला' या ज्या ओळी तुला कंटाळवाण्या वाटतात त्याच लोकांचं उत्तर आहे. कोणत्या परगण्यातून आला, कोणत्या बाजूचा, याची यादी करत गेलीस की मतदानाआधीच निकाल दिसायला लागतो.

उत्तम उदाहरण हवं असेल तर १७८० घे. गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद करण्याचा कायदा, १ मार्च १७८०. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळाने असा कायदा केल्याचं हे पहिलंच उदाहरण. त्यामागे जॉर्ज ब्रायनची चिकाटी. विधेयक आधी वर्तमानपत्रांत छापलं गेलं, त्यावर बरीच पत्रापत्री झाली, मग शेवटचं मतदान: बाजूने ३४, विरुद्ध २१. सगळी नावं छापलेली. विरोधकांनी तो दुसरा हक्कही वापरला, आपली कारणं इतिवृत्तात घालून घेतली. ती वाचायला क्लेश होतात, पण वाच. पुढे कुणाच्या पणतवाला म्हणायची सोय राहिली नाही की आमचे पणजोबा आतून त्या बाजूचे होते.

कायदाही घोषणेतल्यासारखा नव्हता बरं. जे त्या दिवशी गुलाम होते ते गुलामच राहिले. त्या तारखेनंतर गुलाम आईला जन्मलेलं मूल वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत राबणार आणि मग मोकळं. मालकाने १ नोव्हेंबर १७८० पर्यंत आपल्या गुलामांची नोंद केली नाही तर ते मुक्त. या एका कारकुनी कलमाने, नोंद राहिली म्हणून, माणसं सुटली. मला तर मोठमोठ्या प्रस्तावनेपेक्षा ते नोंदीचं कलम जास्त आवडतं. हा व्यवसायाचा दोष.

तर १७८७ च्या त्या एकोणीस जणांच्या नजरेने बघ. साधा रस्त्याचा कायदा करायचा तरी आपण छापून एक अधिवेशन थांबतो, आणि राज्याचं सार्वभौमत्व ज्यातून जाणार तो विषय बारा दिवसांत? शिवाय त्यांचं असंही म्हणणं होतं की राज्याची घटना बदलायची तर तिचा मार्ग तिच्यातच दिला आहे, सात वर्षांनी बसणाऱ्या, घटना नीट पाळली गेली का ते तपासणाऱ्या सेन्सॉर मंडळाचा. तुला हे पटलं पाहिजे असं नाही. ४३ वाल्यांनाही उत्तर होतं: आम्ही घटना मंजूर करत नाही, लोकांना फक्त विचारतोय, आणि विचारायला एवढी टाळाटाळ का? हे उत्तरही दमदार आहे. निबंधात दोन्ही नीट मांड, आणि मग तुझं मत.

एका बाबतीत मात्र डोळे उघडे ठेव. लॉइड. मी त्याच्या जातीचा माणूस, म्हणून बोलायचा हक्क आहे. डिसेंबरच्या मान्यता परिषदेचे वादविवाद पुरे छापीन असं सांगून त्याने वर्गणीदार जमवले, आणि १७८८ च्या सुरुवातीला पुस्तक निघालं त्यात भाषणं दोघांचीच, जेम्स विल्सन आणि टॉमस मकीन. दोघे घटनेच्या बाजूचे. व्हाइटहिल, फिंडली, स्मायली दिवसच्या दिवस बोलले, त्यांचं काही नाही. फिंडली तिथे म्हणाला होता की स्वीडनमध्येही एके काळी ज्यूरी होती आणि ती लोकांनी गमावली. विल्सन-मकीन या मोठ्या वकिलांनी टर उडवली, असं कधी ऐकलं नाही म्हणून. सोमवारी फिंडली ब्लॅकस्टोनचा, म्हणजे इंग्लिश कायद्यावरच्या प्रमाण ग्रंथाचा, तिसरा खंड घेऊन आला आणि पान उघडून दाखवलं. विणकर माणसाने! हे आपल्याला वर्तमानपत्रांमुळे माहीत आहे, लॉइडमुळे नाही. त्यामुळे त्याचा सप्टेंबर वाचतानाही त्याच्या शेजारी बाहेर राहिलेल्यांपैकी सोळा सदस्यांनी काढलेलं पत्रक ठेव. मॅकॅलमाँट आणि मायली, दोघांच्याही सह्या त्यावर आहेत. आणि पत्रकही एकतर्फी आहे, हेही लक्षात ठेव.

होऊ_घातलेली_वकील

पत्रक सापडलं. शेवटचं विचारते: त्या जमावावर कारवाई झाली का? आणि ही दोन तृतीयांशाची अट पुढे टिकली?

जुना_प्रतिवेदक

मॅकॅलमाँटने कार्यकारी मंडळाकडे दाद मागितली. जमावाचा म्होरक्या म्हणून नाव आलं कॅप्टन जॉन बॅरीचं, क्रांतियुद्धातला नावाजलेला नौदल अधिकारी. मंडळाने खटला भरायला सांगितलं. बॅरी त्या डिसेंबरात चीनच्या सफरीवर निघून गेला होता. खटल्याचं पुढे काही झालं नाही.

अट गेली. १७९० मध्ये पेनसिल्व्हेनियाने नवी घटना केली. दोन सभागृहं, राज्यपाल, आणि गणपूर्ती साधं बहुमत. लगेच पुढचं वाक्य तुझ्या निबंधासाठी अधोरेखित कर: त्याहून कमी सदस्य असतील तर ते रोजच्या रोज तहकुबी करू शकतात, आणि गैरहजर सदस्यांना हजर राहायला भाग पाडण्याचा अधिकार त्यांना कायद्याने देता येतो. म्हणजे शनिवारी जे जमावाने केलं ते तीन वर्षांनी सार्जंटच्या हातात रीतसर दिलं. संघराज्याच्या घटनेतही जवळजवळ हेच शब्द आहेत. ते तर सप्टेंबर १७८७ मध्येच लिहून तयार होते, त्याच इमारतीत. मिफ्लिन, क्लायमर, फिट्झसिमन्स यांनी त्यावर सही करून बारा दिवस झाले होते.

टिपण झालं की इथे डकव. तळटिपांत पानांचे आकडे मूळ इतिवृत्ताचे दे, लॉइडचे वेगळे दे. मिसळलेस तर बाई वही परत देतील, आणि त्यांचं चुकणार नाही.